भावोजी पानं टाकायला शिकतात

भावोजी नक्की कुणाचे, असं विचारलं तर खरं उत्तर एकच: मालकांचे. मालकांच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान. पण मालक भावोजी म्हणायचे म्हणून शिलाईवरच्या बायका भावोजी म्हणायला लागल्या, त्यांचं ऐकून इस्त्रीवाला, त्याचं ऐकून दरवान, आणि शेवटी कापडाचे गठ्ठे आणणारा ट्रकवालासुद्धा. एवढ्या मोठ्या कारखान्यात मिळून एक भावोजी. त्यांना स्वतःचं नाव होतंच, आईबापांनी कौतुकाने ठेवलेलं. पण ते ठेवणीतल्या भांड्यासारखं माळ्यावर गेलं आणि कुणाला त्याची गरज पडली नाही.

मी तिथे शिलाईची मशीनं दुरुस्त करायला जायचो. अजूनही जातो. मी कुणाचा नोकर नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या इमारतीत ही गोष्ट दुर्मीळ होती. तळमजल्यावर कारखाना, मधल्या मजल्यावर मालक, वरच्या मजल्यावर भावोजी आणि त्यांची बायको. तिला सगळे ताई म्हणायचे. वरून खालपर्यंत जिना आतूनच होता. भावोजी सकाळी घरातल्या सपाता घालून कामावर यायचे. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्यांना कधीकधी आमच्या छत्र्या बघून कळायचं. ताई एकदा हसत मला म्हणाल्या होत्या, "माझं लग्न झालं आणि मी एक जिना चढून सासरी गेले." त्या हसल्या म्हणून मीही हसलो. घरी जाताना मात्र माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं.

भावोजींचं काम म्हणजे कापड बेतणं. गणवेशाचं कापड थरावर थर अंथरायचं, वरच्या थरावर खडूने आखायचं, आणि मग सगळे थर एकदम कापायचे. आखणी चुकली तर एक बाही चुकत नाही, अख्खा ढीग वाया जातो. ती आखणी बघायला मी माझं काम संपल्यावरही रेंगाळायचो. दोन पाठींच्या मधल्या बेचक्यात ते गळपट्टी बसवायचे, बाहीच्या बगलेत खिसा, आणि खिशाशेजारी उरलेल्या बोटभर जागेत बटणपट्टी. दुसरा कोणी चिंधी म्हणून फेकेल त्या तुकड्याकडे भावोजी मान तिरकी करून बघत राहायचे आणि म्हणायचे, "थांबा, ह्यातून काहीतरी निघेल." आणि खरंच निघायचं.

हाच गुण पत्त्यांत त्यांचा सत्यानाश करायचा.

दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की बेतायच्या त्या लांब टेबलावर पोकर चालायचा. मालकांना त्याचा भारी नाद. पोकर माहीत नसेल तर एवढंच पुरे: दोन पानं प्रत्येकाच्या हातात झाकून, पाच पानं मधे हळूहळू उघडत जातात, आणि प्रत्येक वेळी बोली वाढते. हात वाईट असेल तर पानं टाकून गप्प बसायचं. चांगला असेल तर, किंवा चांगला असल्याचं सोंग जमत असेल तर, बोली लावायची. पैसे लावायचे नाहीत ही मालकांची अट, म्हणून बटणं. कोटाची मोठी, सदऱ्याची लहान. खेळ संपला की सगळी बटणं परत डब्यात, आणि सोमवारी तीच गणवेशांवर शिवली जायची. ह्या शहरातल्या कितीतरी दरवानांच्या छातीवर मी जिंकलेली बटणं आहेत, पण त्यापायी मला कुणी सलाम ठोकत नाही.

खेळायला आम्ही चौघं. मालक, भावोजी, मी आणि शेजारचे दाताचे डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडून बघण्यात आठवडा जात असल्यामुळे डॉक्टर रविवारी स्वतःचं तोंड बंद ठेवायचे. ताई खिडकीशी भरतकाम घेऊन बसायच्या. त्यांना कुणी पानं वाटली नाहीत आणि त्यांनी मागितली नाहीत.

भावोजी पानं टाकायचेच नाहीत. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची, एवढा दळभद्री हात आला तरी मान तिरकी व्हायची. मधे दुसरी सत्ती आली तर? रंग जुळला तर? ह्यातून काहीतरी निघेल. असं करत करत शेवटच्या पानापर्यंत बटणं घालत राहायचे आणि शेवटी, "बघू तरी," म्हणून मालकांची पानं उघडून बघायचे. मालकांकडे राजांची जोडी असायची. मालक हसून बटणं ओढायचे. "भावोजी म्हणजे माझी बँक आहे," असं म्हणायचे. कारखान्यातही ते हेच म्हणायचे, आणि तिथे ते बटणांबद्दल नव्हतं.

दर वर्षी, शाळांच्या गणवेशांची गर्दी आटोपली आणि भावोजींचे डोळे दिवसभर दिव्याखाली राबून लाल झाले की, मालक त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे. "पुढच्या वर्षी पाटीवर तुमचं नाव. भागीदार. आपलीच माणसं, आपणच नाही बघायचं तर कुणी?" कोपराला गूळ लावणं म्हणजे काय, ते कुणाला शिकायचं असेल तर त्याने मालकांकडे शिकवणी लावावी. भावोजी दर वर्षी कोपर चाटायला बघायचे, आणि मला त्यांचा राग यायचा. मालकांचा कमी, भावोजींचा जास्त.

मग कपडेपटाचं प्रकरण आलं. दुसऱ्या शहरातल्या एका नाटकगृहाची मशीनंही मी बघतो. तिथल्या कपडेपटवाल्या बाई अडचणीत होत्या. राजाच्या झग्यासाठी आणलेलं जरीचं कापड कमी पडत होतं, त्यांच्या बेतणाऱ्या मास्तरांची नजर गेलेली, आणि त्या कापडाला कातर लावायची कुणाची छाती होत नव्हती. सुट्टीच्या दिवशी मी भावोजींना तिथे नेलं. त्यांनी कापड पसरलं, मान तिरकी केली, बराच वेळ खडू हवेतच धरला. आणि त्या कापडातून झगा तर निघालाच, वर राणीचा कमरपट्टाही निघाला. बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपलं नाव काय?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मग नाव सांगितलं. शाळेत गुरुजींनी उभं केल्यावर सांगतात तसं, पूर्ण. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाई म्हणाल्या, "या इथेच. राहायला दोन खोल्या आहेत, नाटकगृहामागे. हंगाम सुरू व्हायच्या आत कळवा."

परतीच्या बसमध्ये भावोजी खिडकीबाहेर बघत होते. निम्मी वाट संपल्यावर म्हणाले, "मला खेळ सुधारायचाय."

"कुठला?"

"रविवारचा. मला पानं टाकता येत नाहीत. एकदा ती टाकता आली ना, की मग..."

पुढचं ते बोलले नाहीत, पण मला कळलं. पत्ते सोडायला हात सैल झाला तर बाकीचंही सोडता येईल, असा त्यांचा हिशोब होता. वेडा हिशोब, पण माणूस इतकी वर्षं अडकला की त्याला वेडीवाकडी का होईना, कुठूनतरी सुरुवात लागते.

मग मी त्यांना शिकवायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या कोपऱ्यावर मी दोन पानं टाकायचो. ते बघायचे आणि मी ओरडायचो, "टाका!" मान तिरकी व्हायला लागली की मी टेबलावर माझा दुरुस्तीचा पाना आपटायचो. अठ्ठी-तिर्री? टाका. गुलाम-चौकी? टाका. "अहो, पण गुलाम आहे," असं ते कळवळून म्हणायचे, जसं काही त्या गुलामाला मी रस्त्यावर काढतोय. मी म्हणायचो, "भावोजी, हे कापड नव्हे. इथे चिंधी ही चिंधीच. चांगला खेळणारा बहुतेक वेळ नुसता बसून असतो."

सगळ्यात जड गेलं ते दुसरंच. मधे बरीच बटणं घालून झाली आणि मग हात बिघडला, की त्यांना उठवायचं नाही. "इतकी घातलीत की आता," असं म्हणायचे. मी विचारलं, "ती बटणं कुणाची आहेत?"

"माझी."

"नाहीत. मधे टाकली त्या क्षणी ती तुमची राहिली नाहीत. जो जिंकेल त्याची. तुमची फक्त हातात आहेत तेवढी."

भावोजींनी मान वर केली. समोर कापडाचे थर होते, त्यावर त्यांचाच खडू होता, आणि वर जिन्यावरून ताईंच्या पावलांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ह्याला वेळ लागेल." मला वाटलं होतं पालथ्या घड्यावर पाणी. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पानं टाकायला लागले. आधी कुरकुरत. मग मुकाट. चेहराही सरळ राहायला लागला. तोही मीच घोटून घेतला होता: पान चांगलं असो वा वाईट, भुवई हलता कामा नये, श्वास तोच, आवाज तोच.

रविवारी मालकांची पंचाईत झाली. भावोजी तास-तास पानं टाकत बसायचे, आणि बोली लावली की त्यांच्याकडे खरोखरच काहीतरी असायचं. "भावोजी, तुम्ही हल्ली खेळतच नाही," अशी मालकांनी तक्रार केली. बँक बंद पडली होती.

आता एकच राहिलं होतं. मालक थाप मारतात कधी, हे काही मला उमगत नव्हतं. मी त्यांची बोटं बघितली, कान बघितले, चहाचा कप बघितला. एका दुपारी मी भावोजींना हे सांगत होतो. ताई धाग्याचं रीळ न्यायला खाली आल्या होत्या. रीळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "हातात काही नसलं की दादा गोड होतो. लहानपणापासून. माझी बाहुली त्याने मोडली होती, तेव्हा मला दिवसभर खांद्यावर घेऊन फिरला."

त्या जिना चढून गेल्या. भावोजींनी हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली. त्यांना खांद्यावरचा हात आठवला असणार. 'आपलीच माणसं' आठवलं असणार. इतक्या वर्षांची प्रत्येक 'पुढच्या वर्षी' त्यांनी त्या दुपारी एकेक करून उघडून पाहिली, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. चेहरा सरळ ठेवायची शिकवण त्या दिवशी कामाला आली नाही. मला त्यांची दया आली, आणि हेही वाटलं की चला, आता हा माणूस सुटला.

त्यानंतरच्या रविवारी डाव ऐन रंगात होता. मधे एक्का, राजा, दश्शी, चौकी आणि दुर्री, रंगाचा कुठे मेळ नाही. मी आणि डॉक्टर पानं टाकून बसलेलो. दरवान किल्ल्यांचा जुडगा द्यायला आत आला आणि मालकांना म्हणाला, "शुक्रवारी एक गंमत झाली. कुणी बाई आल्या होत्या, नाटकातल्या. ह्या पत्त्यावर कुणाला तरी शोधत होत्या." त्याने नाव सांगितलं. "मी म्हटलं, बाई, जन्म गेला माझा ह्या दारात, ह्या नावाचं इथे कोणी नाही. चुकीचा पत्ता. हिरमुसून गेल्या बिचाऱ्या."

डॉक्टर हसले. मी भावोजींकडे पाहिलं. खिडकीशी ताईंची सुई थांबली.

"ते मी," भावोजी म्हणाले.

दरवान म्हणाला, "काय, भावोजी?"

"ते माझं नाव आहे."

दरवानाने एकदा मालकांकडे पाहिलं, किल्ल्या ठेवल्या आणि तो चालता झाला. मालक हळूच म्हणाले, "नाटकातल्या बाई? आपल्याकडे?"

"त्यांनी मला बोलावलंय. तिकडे. राहायला जागा आहे." आवाज तोच, श्वास तोच. "उद्या त्यांचं कार्यालय उघडलं की मी हो म्हणून कळवणार आहे."

मग मालकांचा चेहरा विरघळला. त्यांनी आपली सगळी बटणं दोन्ही हातांनी मधे लोटली, कोटाची, सदऱ्याची, सगळी, आणि उठून भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी हा डाव तर संपवा. टाकून द्या भावोजी, माझा हात फार मोठा आहे, उगाच तुमचं नुकसान नको. आणि नाटकाबिटकाचं काय घेऊन बसलात? ह्या वर्षी पाटीवर नाव. शपथ. आपलीच माणसं."

भावोजींनी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग आपली बटणं पुढे सरकवली. "बघू," ते म्हणाले.

त्यांच्याकडे नव्व्यांची जोडी होती. मालकांकडे सत्ती आणि पंजी. म्हणजे काहीच नाही. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर थाप मारली. मी तर उभाच राहिलो. इतका सुंदर डाव त्या टेबलावर झाला नव्हता. ताई खिडकीजवळून उठल्या, नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी पिशव्या काढते," आणि वर गेल्या. मालक आपल्यासमोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसले होते. इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदा म्हातारे वाटले.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम काम काढून गेलो. म्हटलं, जाताना भावोजींना हात हलवून निरोप द्यावा. दारात शिडी होती. शिडीवर रंगारी होता आणि शिडी धरून स्वतः मालक उभे होते. रात्रीच सांगून सकाळी उजाडताच बोलावलेला रंगारी. पाटीवर मालकांच्या नावाखाली ओला लाल रंग चमकत होता: 'भागीदार: भावोजी'.

शिलाईच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. इस्त्रीवाला, दरवान, सगळे जमलेले. भावोजी फुटपाथवर उभे होते, सपाता घालून. बहुतेक पहिल्यांदाच ते पाटी समोरून बघत होते. मालकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला अजूनही सांगता येत नाही की ते खरं होतं की नाही. "कागदपत्रं होतील सावकाश," ते म्हणाले. "शब्द पाळला की नाही?"

ताई पिशव्या घेऊन दारात आल्या. त्यांनी पाटी वाचली. "अहो," त्या म्हणाल्या, "तिथे तुमचं नावसुद्धा नाहीये."

"भावोजी म्हणजे मीच ना," भावोजी म्हणाले.

मी त्यांना बाजूला ओढलं. माझा तोंडावर ताबा राहिला नव्हता. "काय शिकवलं मी तुम्हाला? कागद नाही, हिस्सा नाही, नुसता रंग आहे तो! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! टाका ती पानं!"

भावोजी पाटीकडे बघत होते. आणि मी पाहिलं, त्यांची मान हळूहळू तिरकी होत होती.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली. थांबा, ह्यातून काहीतरी निघेल."

ताईंनी ते ऐकलं. पिशव्या उचलल्या आणि जिना चढायला लागल्या. एका पिशवीचा बंद कठड्यात अडकला. तो सोडवायला त्या जरा वेळ थांबल्या, तेवढंच.

मी तावातावाने आत गेलो आणि मशीन उघडून बसलो. भावोजी मागून आले. त्यांनी कापड अंथरलं, खडू घेतला. थोड्या वेळाने भिंतीवरचा फोन वाजला. जवळ तेच होते. पलीकडून कुणी पुरुष बोलत होता, आवाज मोठा होता, मला माझ्या जागेवरून ऐकू येत होतं. नाटकगृहाच्या कार्यालयातून बोलतोय, बाईंनी चौकशी करायला सांगितलंय, असं म्हणून त्याने भावोजींचं नाव घेतलं. पूर्ण नाव.

भुवई हलली नाही. श्वास तोच, आवाज तोच.

"नाही हो," भावोजी म्हणाले. "ह्या नावाचं इथे कोणी नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि थरांवरून हात फिरवून कापड सारखं केलं. मग मला विचारलं, पट्टा बसला का मशीनचा, दुपारच्या आत बाह्या शिवायला लागतील.